निरीक्षणं घातली आणि समुद्र बिघडला! (मॉडेल खरं की मोजमाप?)

भरकटलेला तराफा
नमस्कार मंडळी. मी पेशाने प्रोग्रामर, समुद्रशास्त्राशी संबंध हौसेपुरता. गेले चार महिने सुट्टीच्या दिवशी समुद्राचं एक छोटं मॉडेल चालवतोय. विषुववृत्ताजवळचा पॅसिफिक, एक अंशाची जाळी, खाली ३० थर. वरून वारा द्यायचा आणि खाली प्रवाह कसे धावतात ते बघत बसायचं, एवढाच उद्योग.

मॉडेलमधला थर्मोक्लाइन, म्हणजे वरचं कोमट आणि खालचं गार पाणी यांच्यामधला तो झपकन गार होत जाणारा थर, खऱ्या समुद्राशी जुळत नव्हता. विषुववृत्तावर नांगरून ठेवलेल्या बोयांचा विदा (डेटा) फुकट मिळतो, म्हटलं तोच आत घालू. रोज प्रत्येक बोयाच्या जागी मॉडेलचं तापमान मोजलेल्या तापमानाकडे थोडं ढकलायचं, एवढंच केलं.

तापमान झकास जुळलं. पण दोन आठवड्यांनी बघतो तर पाणी वर-खाली जाण्याचा वेग पाचपट झालेला, आणि पृष्ठभागाखालून पूर्वेकडे वाहणारा तो प्रसिद्ध अंतःप्रवाह जवळजवळ गायब! विदा घातला नव्हता तेव्हा हा प्रवाह चांगला दिसत होता.

प्रश्न दोन. खरी माहिती घातल्यावर उत्तर बिघडतं कसं? आणि मॉडेल एक सांगतंय, उपकरण दुसरंच, तर ऐकायचं कोणाचं? सरळ सरासरी का घेत नाहीत?

अवांतरपटू
मोजमापं मॉडेलमध्ये मुरवण्याच्या या प्रकाराला सात्मीकरण (असिमिलेशन) म्हणतात ना? मग निदान सोपं आहे. तुमच्या मॉडेलला अपचन झालंय. चार दिवस लंघन.

चौकोनी शून्य
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तो सोपा आहे.

सरासरी घेतात, पण वजन लावून, आणि वजन ठरतं कोण किती चुकतं यावरून. एका बिंदूचं उदाहरण घ्या. मॉडेल म्हणतं २२ अंश आणि त्याची चूक साधारण १ अंशाची. मोजमाप म्हणतं २१ अंश, चूक ०.५ ची. चुकांचे वर्ग करा: १ आणि ०.२५. मोजमापाला मिळणारं वजन १/(१ + ०.२५) = ०.८. म्हणजे मॉडेलला २१ च्या दिशेने ८० टक्के सरकवायचं. उत्तर २१.२.

आता त्या उत्तराची चूक काढा. ०.२ चं वर्गमूळ, म्हणजे ०.४५ च्या आसपास. मोजमापाच्या ०.५ पेक्षाही कमी! कमी भरवशाच्या साक्षीदारानेही काहीतरी भर घातलीच. सरळ सरासरीने २१.५ आलं असतं आणि चूक ०.५६, म्हणजे नुसत्या मोजमापापेक्षा वाईट.

कालमन या अभियंत्याने १९६० साली हेच गणित काळाबरोबर पुढे चालवलं. मॉडेलने अंदाज द्यायचा, मोजमाप आलं की दुरुस्त करायचा, चूक किती उरली त्याचाही हिशोब ठेवायचा, परत पुढे. अपोलो यानांच्या दिशादर्शनात हीच पद्धत वापरली होती.

शंकासुर
एक मिनिट. ०.५ अंश कुठून आणले? आर्गो तरंड्यावरच्या (समुद्रात वाहवत जात मोजमापं घेणाऱ्या यंत्रावरच्या) तापमापकाची अचूकता ०.००२ अंश आहे. त्या हिशोबाने मॉडेलला वजन शून्यच मिळायला हवं. मग एवढा खटाटोप कशाला?

खारं पाणी
शंकासुर, हा प्रश्न मीही वर्षभर डोक्यात घेऊन फिरत होतो. तापमापक त्या थेंबाचं तापमान ०.००२ अंशांपर्यंत बरोबर सांगतो. पण धागाकर्त्याच्या मॉडेलमधला एक चौकोन शंभर-एक किलोमीटरचा आहे आणि मॉडेल सांगतंय त्या अख्ख्या चौकोनाची सरासरी. थर्मोक्लाइन आतल्या लाटांमुळे काही तासांत दहा-वीस मीटर वर-खाली होतो. बोया नेमका त्या क्षणी, त्या जागी काय होतं ते सांगतोय. त्या दोन्हींतला फरक ही उपकरणाची चूक नव्हे, पण मॉडेलच्या दृष्टीने चूकच. यालाच प्रातिनिधिकतेची चूक म्हणतात. थर्मोक्लाइनमध्ये ती सहज अर्ध्या अंशाच्या वर जाते. तळाजवळ नगण्य.

शंकासुर
ओके, पटलं. (हे माझ्याकडून क्वचित येतं, नोंद घ्यावी.)

अवांतरपटू
स्क्रीनशॉट घेऊन ठेवला आहे.

ओहोटी
चौकोनी शून्य यांचं एका बिंदूचं गणित बरोबर आहे, पण खरी मजा दुसऱ्या बिंदूपासून सुरू होते.

समजा शेजारी आणखी एक जागा आहे, तिथे बोया नाही. पण अनुभवाने माहीत आहे की मॉडेल इथे जास्त गरम असलं की तिथेही बहुधा गरम असतं, दोन्ही चुकांचा सहसंबंध ०.६. मग वरच्याच उदाहरणात त्या न मोजलेल्या जागेचं तापमानही ०.४८ अंशांनी खाली येतं. एकही उपकरण नसताना! इथे तापमानाऐवजी क्षारता घ्या, प्रवाह घ्या, समुद्राची उंची घ्या. एका मोजमापाने कोणाकोणाला किती सरकवायचं हे सगळं त्या चुकांच्या कोव्हेरिअन्सच्या (कोणत्या दोन चुका एकत्र किती हलतात त्याच्या) तक्त्यात असतं. बाकीचं गणित कॉलेजातलं आहे.

तराफा, तुम्ही जे केलंत त्यात हा तक्ताच नाही. तापमान ढकललं, बाकी सगळे जागच्या जागी.

मी_वाचनमात्र
कित्येक दिवसांनी लॉगिन केलं ते विचारायला, की मग तो तक्ता बनवून का नाही वापरत?

ओहोटी
मावत नाही म्हणून. :)

चांगल्या जागतिक मॉडेलमध्ये अज्ञात संख्या दहा कोटींच्या घरात सहज जातात. तक्ता दहा कोटी गुणिले दहा कोटी, म्हणजे एकावर सोळा शून्यं. प्रत्येक आकड्याला ८ बाइट धरले तर ८० पेटाबाइट. आणि कालमनच्या मूळ पद्धतीत हा तक्ता दर पावलाला पुढे न्यायचा असतो. विसरा.

म्हणून १९९४ मध्ये एव्हेन्सन या संशोधकाने वेगळी वाट काढली. एकच मॉडेल न चालवता थोडी थोडी वेगळी सुरुवात देऊन पन्नास-शंभर मॉडेलं एकदम चालवायची. ती एकमेकांपासून जशी फाकतात त्यावरून चुकांचा अंदाज बांधायचा. तक्ता लिहायचाच नाही, शंभर भावंडांकडून विचारून घ्यायचा.

यातली मेख: भावंडं शंभरच असतील तर योगायोगानेच ०.१ च्या आसपास सहसंबंध कुठेही दिसतो. मी पहिल्यांदा हे चालवलं तेव्हा अटलांटिकमधल्या एका तरंड्याने हिंदी महासागराचा पारा हलवला होता. दोन दिवस मी त्यामागचं भौतिकशास्त्र शोधत होते! दूरस्थ संबंध वगैरे. शेवटी वरिष्ठांनी शांतपणे विचारलं, "लोकलायझेशन चालू आहे का?" नव्हतं. ठरावीक अंतरापलीकडचे सहसंबंध हळूहळू शून्यावर आणायचे असतात, ती ओळ मी चाचणी करताना बंद केली होती आणि परत चालू करायची विसरले होते.

अवांतरपटू
दोन दिवसांत एक शोधनिबंध निघाला असता ताई. "सातासमुद्रापारचा एक तरंडा".

चौकोनी शून्य
लोकलायझेशन ही ठिगळपट्टी आहे, हे माझं जुनंच मत. दोन बिंदूंमधला खरा समतोल तुम्ही कात्रीने कापता आणि मग मॉडेलने तो पाळावा अशी अपेक्षा करता. त्यापेक्षा फोर-डी-व्हार कितीतरी स्वच्छ. एक काळाची खिडकी घ्या. सुरुवातीची कोणती स्थिती धरली तर त्या खिडकीतली सगळी मोजमापं कमीत कमी चुकीने जुळतील, ते शोधा. उत्तर हे मॉडेलच्याच नियमांनी चाललेलं एक अखंड चलन असतं.

शंकासुर
आणि दहा कोटी अज्ञातांचं उत्तर शोधणार कसं? एकेक हलवून बघत बसलात तर सूर्य विझेल.

चौकोनी शून्य
त्यासाठीच अ‍ॅड्जॉइंट असतं. मॉडेल एकदा पुढे चालवायचं आणि मग त्याचंच एक भावंड उलट्या पावली, शेवटाकडून सुरुवातीकडे. जाताना ते प्रत्येक चुकीची जबाबदारी कोणाकडे जाते हे मागे मागे वाटत येतं. मूळ मॉडेलच्या काही पट खर्चात दहा कोटी उतारांची दिशा, म्हणजे कोणता आकडा कुठे हलवला की चूक घटते ते, एकदम मिळते. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी खुर्चीतून उठून चक्कर मारून आलो होतो. हवामानखात्यांच्या जगात मध्यम पल्ल्याचे अंदाज देणाऱ्या युरोपीय केंद्राने १९९७ मध्ये हे रोजच्या कामात आणलं.

ओहोटी
आणि ते उलटं भावंड लिहायला लागणारी दोन वर्षं कोण मोजणार? मूळ मॉडेलची एक ओळ बदलली की तिकडेही बदला. आता साधनांनी बरंच आपोआप होतं हे मान्य, पण माझ्या पद्धतीत मॉडेलला हातही लावावा लागत नाही.

शिवाय समुद्रातले भोवरे! खिडकी लांब केली की उतार भलत्याच दिशा दाखवायला लागतात. ते तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

चौकोनी शून्य
गाळलं नाही, पुढच्या प्रतिसादासाठी ठेवलं होतं. (आता तो प्रतिसाद येणार नाही.)

जुना नांगर
मंडळी, तुमचं रंगात आलेलं भांडण मोडतो. मी गणितवाला नाही. उमेदीची वर्षं जहाजांवर गेली, उपकरणं पाण्यात सोडण्यात आणि क्वचित परत मिळवण्यात. तुम्ही "निरीक्षण" म्हणता तेव्हा जणू ते आकाशातून टपकलेलं सत्य असतं. म्हणून चार शब्द.

आमच्या काळी एक्सबीटी टाकायचो. बोटाएवढ्या बारीक तारेने जोडलेला... नाही, चुकलो, तार केसाएवढी, उपकरण वीतभर. ते पाण्यात पडत जायचं आणि तारेतून तापमान सांगायचं. त्यात खोली मोजणारं काहीही नव्हतं! किती सेकंद झाले यावरून किती खोल गेलं असेल ते सूत्राने काढायचं. पडण्याच्या वेगाचं सूत्र जरा चुकलं की अख्खा तक्ता वर किंवा खाली सरकतो. या चुकीपायी १९७० च्या दशकात समुद्राच्या उष्णतेत एक उंचवटा दिसत होता, तो खूप वर्षांनी, २००७ च्या सुमारास बाहेर आला. त्याच सुमारास नव्या तरंड्यांच्या एका गटात दाबाची गफलत निघाली. तिच्यामुळे समुद्र गार होतोय असं छापूनही आलं होतं. मग लेखकांनीच दुरुस्ती दिली.

कालमनच्या गणितात चुकांची सरासरी शून्य धरतात. ही चूक शून्याभोवती नाचत नव्हती, एकाच बाजूला ओढत होती. अशा वेळी तुमचं वजनबिजन सगळं बरोबर असूनही उत्तर चुकतं, आणि वर आत्मविश्वास वाढतो.

मी_वाचनमात्र
नांगरकाका, तरंड्यांबद्दल सांगा ना थोडं. ते परत गोळा करतात का?

जुना नांगर
बहुतेक नाही. आर्गोचा तरंडा १००० मीटरवर नऊ-दहा दिवस वाहवत जातो, मग २००० मीटरपर्यंत बुडी मारून मोजत मोजत वर येतो, उपग्रहाला सांगतो आणि परत खाली. पोटातलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकललं की ती फुगते आणि तो पाण्याच्या मानाने हलका होतो. बॅटरी संपली की संपला. असे चारएक हजार जगभर आहेत. २००७ मध्ये तीन हजारांचा टप्पा गाठला तेव्हा आम्ही जहाजावर टाळ्या वाजवल्या होत्या.

जुने तरंडे आर्गोस नावाच्या उपग्रह-यंत्रणेतून बोलायचे. आर्गो आणि आर्गोस. या एका 'स'ने किती पत्रव्यवहार चुकीच्या टेबलावर गेला असेल देव जाणे.

खारं पाणी
आणि बर्फामुळे जिथे तरंडे सहज पोचत नाहीत तिथे सील! दक्षिण महासागरातल्या हत्ती-सीलच्या डोक्यावर तापमान, क्षारता आणि दाब मोजणारं छोटं यंत्र केसांना चिकटवतात. ते दिवसभर बुड्या मारतात, वर आले की यंत्र उपग्रहाला माहिती देतं. वर्षातून एकदा केस गळतात तेव्हा यंत्रही गळून पडतं.

अवांतरपटू
सीलच्या प्रातिनिधिकतेची चूक किती धरायची? तो मासे असतील तिथेच जाणार ना!

ओहोटी
हसू नका, प्रश्न अगदी रास्त आहे. सील काठांवर आणि उतारांवर जास्त रेंगाळतात, त्यामुळे मोजमापं तिथे दाटतात. वजन लावताना हे सांभाळावं लागतं.

शंकासुर
मला अजून एक खटकतं. उपग्रह समुद्राची फक्त उंची मोजतो. टोपेक्स-पोसायडनपासून, म्हणजे १९९२ पासून, सेंटिमीटरमध्ये. पण मॉडेलला हवंय हजार मीटर खाली काय चाललंय ते. वरच्या चादरीवरून गादीतला कापूस कसा ओळखता?

खारं पाणी
पूर्ण ओळखता येत नाही, पण अंदाज भक्कम असतो. पृष्ठभाग एखाद्या ठिकाणी १० सेंटिमीटर उंच असेल तर बहुधा खाली हलकं, कोमट पाणी जास्त जाड आहे. वरच्या आणि खालच्या पाण्याच्या घनतेत फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, म्हणून वरच्या १० सेंटिमीटरचा खाली वीस-तीस मीटर होतो. युक्ती अशी की तापमान बदलायचंच नाही. पाण्याचा अख्खा स्तंभ तेवढा खाली किंवा वर सरकवायचा. मग प्रत्येक थेंब आपलं तापमान आणि आपली क्षारता बरोबर घेऊन सरकतो.

धागाकर्ते, इथे तुमचाही एक घोळ दिसतो. तुम्ही तापमान बदललंत, क्षारता तशीच. म्हणजे तुम्ही असं पाणी तयार केलंत जे जगात कुठेच नाही. त्याची घनता चुकली, काही ठिकाणी जड पाणी हलक्यावर बसलं असणार. मॉडेल मग ते ढवळून काढतं.

भरकटलेला तराफा
बापरे, धागा कुठल्या कुठे गेला. सगळ्यांचे आभार.

खारं पाणी म्हणताहेत ते करून बघितलं. आता तापमान ढकलण्याऐवजी स्तंभ सरकवतो. उभा वेग पाचपटीवरून अडीचपटीवर आला. पण अंतःप्रवाह अजूनही गायबच. आणि हे सगळं विषुववृत्ताच्या दोन-तीन अंशांतच होतंय, बाहेर सगळं शांत.

चौकोनी शून्य
बाहेर शांत असण्याचं कारण पृथ्वीचं फिरणं. तिथे दाबातला फरक आणि कोरिऑलिस बल एकमेकांना तोलतात. घनता बदलली की प्रवाह स्वतःला तिच्याशी जुळवून घेतो, फार आरडाओरड होत नाही. विषुववृत्तावर कोरिऑलिस शून्य. तिथे दाबाला तोलून धरतो तो फक्त वारा. व्यापारी वारे पाणी पश्चिमेला लोटतात, तिकडे थर्मोक्लाइन खोल जातो, पूर्वेला वर येतो, आणि हा उतार वाऱ्याला विरोध करून उभा राहतो. अंतःप्रवाह चालतो तोही याच दाबाच्या जोरावर.

वारा एक उतार मागतोय आणि तुम्ही विदा घालून दुसराच उतार लादताय, तर मॉडेल रोज रात्री तुमची दुरुस्ती पुसणार आणि तुम्ही रोज सकाळी परत घालणार. त्या रस्सीखेचीत पाणी वर-खाली धावतं. बेल, मार्टिन आणि निकोल्स यांनी २००४ मध्ये नेमकं हेच दाखवलं. त्यांचा उपाय असा की रोजच्या दुरुस्त्या एकाच दिशेने साचत असतील तर त्यांना दाबातली पद्धतशीर चूक समजा आणि दाबालाच हळूहळू एक भरपाई द्या.

जुना नांगर
तराफा, एक बाळबोध प्रश्न. विदा कुठल्या वर्षाचा घेतलात?

भरकटलेला तराफा
१९९७ चा उत्तरार्ध, काका. बोयांची पूर्ण साखळी १९९४ अखेर उभी राहिली असं वाचलं होतं, म्हणून त्यानंतरचं एखादं वर्ष घ्यावं म्हटलं.

जुना नांगर
आणि वारा?

भरकटलेला तराफा
वारा... अनेक वर्षांचा सरासरी. फाइल लहान होती.

ओहोटी
अहो!!!

अवांतरपटू
_/\_ कोपरापासून नमस्कार.

जुना नांगर
१९९७ म्हणजे गेल्या शतकातल्या सगळ्यांत जबर एल निनोंपैकी एक. त्या वर्षी व्यापारी वारे ढासळले होते, कोमट पाणी पूर्वेला सरकलं होतं, थर्मोक्लाइन सपाट झाला होता. बोयांनी ते सपाट पाणी इमानदारीने सांगितलं. तुमच्या मॉडेलात मात्र नेहमीचा वारा सोसाट्याने पश्चिमेला लोटतोय. सपाट पाण्यावर तो वारा म्हणजे विरोध करायला कोणी नाही. गोंधळ होणारच.

आणि आता गंमत ऐका. जबर एल निनोत तो अंतःप्रवाह खरोखरच गायब होतो. १९८२-८३ च्या वेळी लोकांनी मोजून दाखवलंय, १९९७-९८ लाही झालं. म्हणजे उभा वेग हा तुमच्या मॉडेलचा आजार, पण प्रवाह गायब होणं ही बहुधा बातमी होती. ती तुम्ही आजारात धरलीत.

शंकासुर
म्हणजे धाग्याच्या शीर्षकातच ज्याला "बिघडला" म्हटलं ते अर्धं बरोबर होतं? मॉडेल चूक, मोजमाप बरोबर आणि धागाकर्ता तिसरीकडेच.

चौकोनी शून्य
अवांतर, पण इथे बसतं म्हणून: समुद्राची मागची स्थिती मॉडेलने पुन्हा उभी करणारे एक्को प्रकल्पवाले याच कारणाने मध्ये मध्ये पाणी ढकलतच नाहीत. ते १९९२ पासूनची सगळी मोजमापं घेऊन अ‍ॅड्जॉइंटने वारा, सुरुवातीची स्थिती आणि पाणी मिसळण्याचे आकडेच बदलतात आणि मग मॉडेल मोकळं सोडतात. उष्णता आणि मीठ कुठूनही टपकत नाही. तुम्ही असं केलं असतं तर गणिताने स्वतःहून सांगितलं असतं की "बाबा रे, तुझा वारा चुकलाय".

ओहोटी
मान्य. पण उद्या कुठे काय वाहत जाईल हे आज संध्याकाळपर्यंत सांगायचं असेल तर मी माझ्या शंभर भावंडांनाच विचारणार.

भरकटलेला तराफा
१९९७ चा वारा उतरवला. फाइल खरंच मोठी आहे. स्तंभ सरकवण्याची युक्ती तशीच ठेवली. उभा वेग आता विदा न घालता येतो त्याच्या सव्वापट. अंतःप्रवाह ऑक्टोबरपर्यंत क्षीण आणि मग जवळजवळ नाहीसा. या वेळी मी घाबरलो नाही.

दाबाची भरपाई अजून घातलेली नाही. चौकोनी शून्य, ती दर दिवशी साचवायची की आठवड्याने?

चौकोनी शून्य
रोज, पण अगदी थेंबाथेंबाने. आणि जुनी भरपाई हळूहळू विसरत जाईल असा एक गुणक ठेवा, नाहीतर एल निनो संपल्यावर ती उलटी अंगावर येईल.

अवांतरपटू
वाचनखूण साठवली. लंघनाचा सल्ला मागे घेतो.